रिकाम्या पलंगाची नोंद

१

त्या दुपारी मी खोलीच्या दारापर्यंत गेलो होतो की नाही, हे मला आता छातीठोकपणे सांगता येत नाही. लेकीला मी ‘गेलो होतो’ असं सांगितलं. डॉक्टरांना ‘बहुतेक गेलो होतो’ म्हणालो. वहीत त्या तारखेला काहीच लिहिलेलं नाही, आणि लिहायचं राहून जाणं हा माझा स्वभाव नाही.

माझी सगळी नोकरी मोजमापांच्या प्रयोगशाळेत गेली. दुकानांतले तराजू, दवाखान्यांतले तापमापक, औषध कारखान्यांतली वजनं आमच्याकडे तपासणीला यायची. कोणतं उपकरण किती खोटं बोलतं ते आम्ही शोधायचो आणि तसा कागद करून द्यायचो. त्या सवयीने मी स्वतःवरही फारसा विश्वास ठेवत नाही. आज मी त्र्याऐंशी वर्षांचा आहे. या वयाची आठवण म्हणजे तपासणीची मुदत केव्हाच टळून गेलेलं उपकरण. काटा हलतो, पण तो काय दाखवतो ते त्यालाच ठाऊक.

ही म्हणायची, “यांना कुणी ‘कसे आहात’ विचारलं ना, तर हे म्हणतील, बरा आहे, दोन टक्के इकडेतिकडे.”

ही म्हणजे माझी बायको. तिचं नाव मी चारचौघांत कधी घेतलं नाही. आता कागदावर घ्यायला गेलो तर हात थांबतो.

२

हिची फुप्फुसं हळूहळू आखडत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता बरं करण्यापेक्षा सांभाळणं महत्त्वाचं. लेक दोन विमानं बदलून यावं लागेल इतक्या लांब. तिने तिकडून एक खोकं पाठवलं आणि फोनवर तोंड दाखवत, एकेक वस्तू मला जोडायला लावली.

मनगटाला बांधायचा एक पट्टा होता, नाडी मोजणारा. कपाटावर ठेवायची काडेपेटीएवढी डबी होती, खोलीतली उष्णता, ओल आणि कोंदटपणा मोजणारी. आणि पलंगाच्या चार पायांखाली ठेवायच्या चार पांढऱ्या चकत्या, बशीएवढ्या. प्रत्येक वस्तू फोनजवळ धरायची, बटण दाबायचं, एक बारीक सूर निघायचा आणि फोनमधलं अ‍ॅप सांगायचं: जोडलं.

चकत्यांनी मी भारावून गेलो. माणूस श्वास घेतो तेव्हा छाती वर येते आणि पलंगावरचा भार केसभर सरकतो. चार पायांखाली तो केसभर फरक पकडून या चकत्या श्वास मोजत होत्या. आमच्या प्रयोगशाळेत एवढ्या नाजूक कामाला काचेची पेटी लागायची, आणि खोलीत कुणी शिंकलं तरी काम पुन्हा करावं लागायचं.

“म्हणजे मी तराजूवर झोपायचं?” हिने विचारलं.

“वजन दाखवत नाही तो. फक्त पलंगावर आहेस की नाही ते, आणि श्वास.”

“बरं झालं. बायकांचं वजन नवऱ्याच्या फोनात नको.”

लेक पडद्यावरून हसली. मग मला म्हणाली, “बाबा, आता सारखं उठून उठून आईकडे बघायला जाऊ नका. फोन सांगेल. माझ्याही फोनवर दिसेल.”

“तेच सांगते मी,” ही म्हणाली. “हे टक लावून बसले की मला श्वास घ्यायचं दडपण येतं. परीक्षेला बसल्यासारखं.”

म्हणून मी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसू लागलो. समोर फोन. हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: पलंगावर आहे, श्वास बावीस. मला बरं वाटायचं. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाल्यावर बायकोची खबर फोनकडून घेताना बरं वाटावं, याची लाज तेव्हा वाटली नाही.

३

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी अकराच्या सुमारास ही माझ्यासमोर चहा पीत बसली होती. बशीत ओतून, फुंकर घालून. मी सवयीने फोनकडे पाहिलं.

पलंगावर आहे. श्वास नऊ.

मी हिच्याकडे पाहिलं. ही बिस्किट बुडवत होती.

“काय झालं?”

“काही नाही. तुझा पलंग श्वास घेतोय.”

“घेऊ दे बापडा. माझ्याच्याने होत नाही, त्याच्याच्याने होऊ दे.”

मी खोलीत गेलो. पलंग रिकामा होता. पांघरूण बाजूला लोटलेलं, उशीवर तिच्या डोक्याचा खळगा. गादीवर तळहात टेकवला. गादी थंड होती. फोनवर आकडा तसाच होता, नऊ. मी बघत असताना तो आठ झाला, मग काही वेळ नुसतीच रेघ, आणि पुन्हा नऊ.

उपकरण चुकतं तेव्हा घाबरायचं नसतं. चुकीला वळण असतं, ते शोधायचं असतं. मी वही उघडली. इमारतीचा पाण्याचा पंप कधी चालतो, वरच्या घरातलं कपडे धुण्याचं यंत्र कधी गरगरतं, समोरून मालाच्या गाड्या कधी जातात, सगळं वेळेसकट लिहिलं. पंखा बंद करून पाहिला. फ्रिज बंद करून पाहिला, त्यात दूध नासलं आणि बोलणी खाल्ली.

वळण सापडेना. पलंग दिवसात केव्हातरी, ही उठलेली असताना, पाऊण-एक तास ‘आहे’ म्हणायचा आणि मग ‘रिकामा’ म्हणायचा. श्वास कायम संथ, आठ-नऊ, मधे मधे खंड. मला आणखी एक गोष्ट खटकली. कपाटावरच्या डबीचा आणि चकत्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. तरी पलंग ‘आहे’ म्हणायचा त्या तासात, खोलीत कुणी नसताना, डबीतला कोंदटपणाचा आकडा चढायचा. बंद खोलीत माणूस झोपलं की चढतो, तसा.

दोन साक्षीदार, एकमेकांना न भेटलेले, एकच गोष्ट सांगत होते. नोकरीत असतो तर मी तेवढ्यावर कागद केला असता.

नर्सबाई सकाळी दोन तास यायच्या. त्यांना मी हे दाखवलं. त्या हिचं वजन करून आपल्या डायरीत टिपत होत्या. म्हणाल्या, “काका, माझ्या आईच्या घरचं घड्याळ बंद पडल्यावरसुद्धा टोले द्यायचं. यंत्राच्या नादी लागू नका.”

४

ही मात्र नादी लागली नाही आणि झटकूनही टाकलं नाही. एक दिवस दुपारी मी तिला पलंगाशी घेऊन गेलो, तर ती टेकायच्या आधी क्षणभर थांबली. बसमध्ये बाहेरच्या सीटवरच्या माणसाने पाय आत घ्यावेत म्हणून आपण थांबतो, तशी. मग भिंतीच्या बाजूला, अगदी कडेला, अंग चोरून आडवी झाली.

“मधे झोप की. पडशील.”

“भिंत आहे. कशी पडेन?”

“जागा का सोडलीस एवढी?”

तिने उत्तर द्यायला वेळ घेतला. बोलायला श्वास पुरवून वापरावा लागायचा.

“फार दमलंय हो,” ती म्हणाली. “जे कोण आहे ते.”

“अगं, कोणी नाही. आकडा चुकतोय.”

“चुकू दे. तुम्ही त्याच्यावर ओरडू नका म्हणजे झालं.”

मी हसलो. ती हसली नाही. डोळे मिटून घेतले, आणि फोनवर हिरवा आकडा आला: बावीस. तो आकडा पाहून मला जे हायसं वाटलं, त्यात तिला काय म्हणायचं होतं ते विचारायचं राहून गेलं. पुढे कधीतरी विचारू, असं वाटलं. माणसाला तसंच वाटतं.

५

अ‍ॅपच्या मदत केंद्रातल्या मुलीने फोनवर सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “सर, तुम्ही रिकाम्या पलंगाची नोंद केलीच नाही ना? अंथरूण-पांघरूण नीट घाला, पलंगावर कुणी नको, खोली बंद करा, आणि सेटिंगमध्ये ‘रिकामा पलंग’ दाबून दहा मिनिटं थांबा. त्या वेळी जो भार असेल, तो शून्य धरला जाईल.”

मी कपाळावर हात मारून घेतला. हे मी तिला सांगायला हवं होतं! वाणी वाटीत साखर मोजतो तेव्हा आधी रिकामी वाटी पारड्यात ठेवून काटा शून्यावर आणतो. वाटीचं वजन त्यानंतर मोजलं जात नाही. पस्तीस वर्षं मी हेच शिकवलं होतं.

मंगळवारी सकाळी साडेदहाला ही स्वयंपाकघरात वाटाणे सोलायला बसली. मी अंथरूण घातलं, चादरीला सुरकुती ठेवली नाही, उशी सरळ केली, पांघरूण पसरलं. पंखा बंद केला, खिडकी लावली, दार लावलं. पलंगापासून दूर, कपाटाला पाठ लावून खुर्चीत बसलो आणि बटण दाबलं.

बाहेरून हिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. तिला सूर धरवत नसे, तुकडे तुकडे यायचे. शेंगा फुटल्याचा आवाज. मग मला श्वास ऐकू आला.

माझाच असणार. बंद खोलीत माणसाला स्वतःचाच ऐकू येतो. मी श्वास रोखून धरला.

तो चालूच होता. फार हळू. आत गेला की कुठेतरी थोडं अडकायचा, आणि बाहेर येताना शेवटी बारीक शीळ. पलंग पूर्ण माझ्यासमोर होता. चादर सपाट होती. मी डोळे फाडून पाहत होतो आणि तिथे काहीही नव्हतं.

दहा मिनिटं संपल्यावर फोनने सूर काढला. मी बाहेर आलो आणि वहीत लिहिलं: ‘नोंद पूर्ण. पार्श्वभूमीला पंख्याचा मंद आवाज.’ पंखा मी स्वतः बंद केला होता. तरी तसं लिहिलं. खोट्या उपकरणांना मी जन्मभर नावं ठेवली, आणि माझ्या हातून हे झालं.

“झालं?” हिने मान वर न करता विचारलं.

“झालं. आता नाही दाखवणार.”

“पण गेलं का?”

“नोंद गेली ना. शून्य झालं.”

“ते नाही विचारलं मी,” ती म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.

६

त्यानंतर पाच महिने फोन शहाण्यासारखा वागला. पलंग रिकामा असला की रिकामा, ही असली की आहे. या महिन्यांत ही मात्र उतरत गेली. आधी स्वयंपाकघर सुटलं, मग व्हरांडा. हाताचा पट्टा मनगटातून गळून पडायला लागला, शेवटचं भोक घट्ट करूनही. तो मी पलंगाच्या खुंटीला अडकवून ठेवला. नर्सबाई तिला आधार देऊन काट्यावर उभं करायच्या आणि आकडा मोठ्याने न वाचता लिहायच्या.

शेवटचे अकरा दिवस ती आपली आपण उठलेली नव्हती.

बुधवारी तीन पंचवीसला, मी स्वयंपाकघरात असताना, फोनवरची हिरवी अक्षरं गेली. पलंग रिकामा.

पाठोपाठ लेकीचा फोन. तिच्याकडे सकाळ होती, आवाजात नुसता उजेड. “बाबा! आई उठली? आपली आपण?”

“थांब, बघतो.”

इथून पुढचं मला असं दिसतं. मी हातात फोन घेऊन दारापर्यंत जातो. दार अर्धं उघडं आहे. पलंगावर चादर सपाट आहे, उशी सरळ, पांघरूण पसरलेलं, सुरकुती नाही. खोलीतच असलेल्या न्हाणीघराचं दार लोटलेलं. मी म्हणतो, “सावकाश गं. घाई नाही.” उत्तर येत नाही. न्हाणीघरातून बोलणं तिला अशिष्टपणाचं वाटायचं, त्यामुळे ते कधीच यायचं नाही. मी मागे फिरतो.

“न्हाणीघरात आहे,” मी लेकीला सांगितलं.

“बघा! मी म्हटलं नव्हतं? नवीन औषध लागू पडलं! तुम्ही मागे मागे करू नका, तिला आवडत नाही. आली बाहेर की मला दाखवा, मी पाच मिनिटांत पुन्हा लावते.”

तिला कसलीशी मीटिंग आली. पाच मिनिटांची चाळीस झाली. मी चहा ठेवला, दोन कप. आनंदात साखर जास्त पडली. मधे एकदा फोन पाहिला तर कोंदटपणाचा आकडा भरपूर चढलेला. चारच्या सुमाराला तो उतरायला लागला. मी मनात म्हटलं, खिडकी उघडली वाटतं हिने. एवढी ताकद आली!

चहा घेऊन गेलो तेव्हा खिडकी बंद होती.

ही पलंगावर होती. भिंतीच्या कडेला, पांघरूण हनुवटीपर्यंत. हात अजून कोमट होता. मी किती वेळ हाका मारल्या ते वहीत नाही. खिशात फोन थरथरला. लेक. पडद्यावर तिच्या नावाखाली लिहिलेलं होतं: पलंग रिकामा.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास झाला असेल. शेवटी श्वास मंदावतो, खंड पडतात, पाऊण तासभर तसं चालतं, त्रास होत नाही. जवळ बसून हात धरायला मिळाला असता, एवढंच.

लेक आली, चौदा दिवस राहिली. निघायच्या दिवशी सामानाची बॅग दाराशी असताना तिने विचारलं, “बाबा, खरं सांगा. तुम्ही दारातून पाहिलंत, की फोनमध्ये?”

“दारातून.”

“आणि आई नव्हती.”

“नव्हती.”

तिने बॅग उचलली. त्यानंतर दर रविवारी तिचा फोन यायचा. औषधं घेतली का, ऊन किती आहे, झोप कशी लागते. दोन उपकरणं एकमेकांना आकडे कळवतात तसे आम्ही बोलायचो. मी म्हातारपणाने चुकलो असतो तर तिने माफ केलं असतं. पण मी आळस केला आणि वर खोटं बोललो, असं तिला वाटत होतं. माझ्याकडे उलट पुरावा नव्हता. मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं.

७

सहा वर्षांनी ते अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळला. बंद होताना प्रत्येक ग्राहकाला त्याच्या साऱ्या जुन्या नोंदी पाठवल्या. लेक तेव्हा महिनाभरासाठी आली होती. तिनेच आपल्या लॅपटॉपवर फाइल उघडली. अ‍ॅपने कधीच न दाखवलेला एक रकाना त्यात होता: चार चकत्यांवरचा एकूण भार.

तिने आधी बुधवार काढला. दुपारी एकपासून आकडा ग्रॅमग्रॅमने उतरत आला होता, आणि तीन पंचवीसपासून डॉक्टर येईपर्यंत एकच होता. सत्त्याण्णव किलो सहाशे ग्रॅम. क्षणभरही हललेला नव्हता.

“आई उठलीच नव्हती,” ती हळूच म्हणाली.

“हो.”

“मग तुम्ही दारातून काय पाहिलंत?”

“रिकामा पलंग,” मी म्हणालो. “मला दुसरं काही आठवतच नाही गं. मी प्रयत्न केला.”

तिने बुधवारचा रकाना पुन्हा वरपासून पाहिला. मग म्हणाली, “पण फोनने रिकामा का म्हणावं? ज्या दिवशी शून्य केलं, तो दिवस काढू.”

मंगळवार, सकाळी साडेदहा ते दहा चाळीस. एकूण भार सत्त्याण्णव किलो सहाशे.

“म्हणजे हे पलंगाचंच वजन असेल,” ती म्हणाली.

“मग बुधवारी तुझ्या आईचं वजन कुठे आहे?”

फ्रिजचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या प्रयोगशाळेतून तपासलेला काटा आणवला आणि सुताराला बोलावून पलंग खोलायला लावला. “काका, किलोवर विकताय की काय पलंग?” सुतार म्हणाला, आणि आमची तोंडं पाहून कामाला लागला. एकेक फळी, एकेक पाय, गादी, उशी, चादर, पांघरूण, सगळं काट्यावर ठेवलं. मी आकडे वाचले, लेकीने लिहिले. मी दोनदा वाचले. लाकूड दमट हवेत थोडं पाणी पितं, त्याचा अर्धा किलो इकडेतिकडे धरला.

पलंग अंथरूण-पांघरुणासकट एकोणसाठ किलो दोनशे ग्रॅम भरला. लेकीने वजाबाकी केली, पेन्सिल खाली ठेवली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा माझा हात हातात घेतला. नर्सबाईंची डायरी मी जपून ठेवली होती. नोंद केली त्याच्या आदल्या सोमवारी त्यांनी हिचं वजन सेहेचाळीस किलो लिहिलं आहे. शेवटच्या सोमवारी एकोणचाळीसला थोडं कमी. आणि बुधवारी, त्या दुपारी, ही अडतीस किलो चारशे ग्रॅमची होती. त्या मंगळवारी ही बाहेर गुणगुणत वाटाणे सोलत असताना, मी ज्या पलंगासमोर बसून ‘रिकामा’ दाबलं, त्यावरही तेवढंच होतं.